लोरेटोची गच्ची

कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. जुनी माणसं त्याला अजून लोअर सर्क्युलर रोडच म्हणतात. या रस्त्यावर ५४ए क्रमांकाच्या इमारतीत मिशनरीज ऑफ चॅरिटीचं मुख्यालय आहे आणि मदर तेरेसांची समाधीही. परदेशी पाहुण्यांच्या टॅक्स्या तिथे थांबतात आणि बहुधा तिथूनच परत फिरतात. रस्त्याने तसंच उत्तरेला चालत राहिलं, तर मौलालीच्या आसपास आत वळल्यावर कॉन्व्हेंट रोडवर एंटालीचं लोरेटो लागतं. तेरेसांनी आयुष्यातली सतरा-अठरा वर्षं ज्या आवारात मुलींना भूगोल शिकवला, ते हे आवार. आणखी पुढे, सियालदा स्टेशनच्या गर्दीला तोंड लागतं तिथे, १२२ क्रमांकाला आहे लोरेटो डे स्कूल. बाहेरून पाहिलं तर चारचौघींसारखीच कॉन्व्हेंट शाळा. पण मुलींच्या कॅथलिक शाळांच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात या शाळेने जे करून दाखवलं, ते तिच्याहून कितीतरी श्रीमंत शाळांना जमलेलं नाही.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडात, आणि सुरुवातच तुरुंगातून आहे म्हटलं तरी चालेल. मेरी वॉर्ड ही १५८५ साली यॉर्कशरमध्ये जन्मलेली बाई. कॅथलिक असणं हाच तेव्हा इंग्लंडात गुन्हा होता. १६०९ साली तिने सेंत ओमेर इथे काही मैत्रिणींना घेऊन जोगिणींचा एक संघ काढला आणि मुलींसाठी शाळा सुरू केल्या. तिची मागणी साधी होती: जेझुइट पुरुषांसारखं आम्हालाही मठाच्या भिंतीबाहेर पडून काम करू द्या, बिशपांच्या हाताखाली ठेवू नका. ही परवानगी मागायला ती आल्प्स ओलांडून रोमपर्यंत चालत गेली. उत्तर म्हणून १६३१ साली पोप आठवे अर्बन यांनी तिचा संघ बरखास्त केला, आणि पाखंडी ठरवून तिला म्युनिकच्या एका मठात कोंडून ठेवलं. त्या कोठडीतून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. कागद शेकला की अक्षरं उमटत. बाहेरच्या सहकाऱ्यांना शाळा कशा टिकवायच्या याच्या सूचना त्यातून जात. ती पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. संघाची संस्थापक म्हणून तिला जाहीर मान्यता मिळायला मात्र १९०९ साल उजाडलं. जी बाई मुलींच्या शाळांसाठी तुरुंगात गेली, तिचं नाव तिच्याच शाळांमध्ये पावणेतीनशे वर्षं उघडपणे घेता येत नव्हतं.

याच परंपरेत यॉर्कला तयार झालेल्या तेरेसा बॉल यांनी १८२२च्या सुमारास डब्लिनजवळ रॅथफार्नहमला मठ आणि शाळा थाटली. इटलीतल्या लोरेटो या तीर्थक्षेत्राचं नाव त्यांनी संस्थेला दिलं. १८४१ साली कोलकात्याहून एक धर्मगुरू त्यांच्या दारी आले. कंपनी सरकारच्या फौजेत आयरिश शिपायांची संख्या मोठी होती. ते मरत, त्यांच्या बायका मरत, आणि मागे राहिलेली कॅथलिक पोरं प्रॉटेस्टंट अनाथालयांत वाढत. त्यांना सांभाळायला जोगिणी द्या, ही विनंती. धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे मिशनरी एका मापाने मोजले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. लोरेटोच्या बायका इथे आल्या त्या हिंदूंना ख्रिस्ती करायला नाही. ख्रिस्त्यांची पोरं दुसऱ्या ख्रिस्त्यांच्या हाती जाऊ नयेत, ही ती चिंता होती. ऑगस्टमध्ये निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून ३० डिसेंबर १८४१ रोजी कोलकात्याला लागलं. त्यावर बारा जणी होत्या. प्रमुख मदर डेल्फिन हार्ट, वयाने विशीतल्या. १० जानेवारी १८४२ रोजी, म्हणजे दोन आठवडेही उलटायच्या आत, मिडलटन रोवर शाळा उघडली. तेच लोरेटो हाउस. त्याच वर्षी फ्रान्समधून आलेल्या जीझस अँड मेरीच्या जोगिणींनी आग्र्याला बस्तान बसवलं. पुढे भायखळ्याच्या क्लेअर रोडवर आणि पुण्याच्या कॅम्पात ज्यांच्या शाळा उभ्या राहिल्या, त्या याच.

१८४२ हा आकडा मराठी वाचकाला खटकेल. भिडे वाड्यातली शाळा १८४८ची. मग मुलींच्या शिक्षणाचा मान लोरेटोला द्यायचा का? अजिबात नाही. लोरेटो हाउसमध्ये सुरुवातीला येत होत्या त्या युरोपियनांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुली. त्यांना शिकवणं म्हणजे कुणाच्या शेणाचा मारा झेलणं नव्हतं. आपल्या मुलींनी शिकावं हे त्या समाजाला मान्यच होतं. कोलकात्यातल्या बंगाली हिंदू मुलींसाठी बेथून यांची शाळा निघाली ती १८४९ साली, आणि ती निराळी गोष्ट आहे. लोरेटो हाउसमध्ये भारतीय मुली हळूहळू आल्या, त्याही आधी मोठ्या घरांतल्या. रवींद्रनाथांची पुतणी इंदिरादेवी तिथे शिकली. युरोपियन शाळांत ‘नेटिव्ह’ मुलं किती असावीत यावर सरकारी नियमांचीही मर्यादा असे.

पण त्याच जोगिणींनी एंटालीला अनाथ मुलींचं घरही चालवलं. मिडलटन रोवर फी भरणाऱ्या मुली, पियानो, फ्रेंच, टेबलावरचे शिष्टाचार. एंटालीला फुकट जेवण, फुकट शाळा, शिवणकाम. दोन्हीकडे जोगिणी त्याच, प्रार्थना त्याच. एकीकडच्या मिळकतीवर दुसरीकडचा खर्च निघायचा. ही व्यवस्था लोरेटोपुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकात जगभर कॅथलिक मुलींच्या शाळा याच गणितावर चालल्या. गरिबांची सोय होई, श्रीमंतांचं पुण्य होई, आणि दोघांची भेट मात्र होत नसे. दार्जिलिंग, लखनौ, असनसोल, सिमला, शिलाँग असा लोरेटोचा पसारा वाढला. सियालद्याची शाळा १८५७ची. ती डे स्कूल, म्हणजे वसतिगृह नसलेली, मध्यम आणि कनिष्ठ मध्यमवर्गातल्या मुलींची.

एंटालीच्या आवारात एका भिंतीच्या आत दोन जगं होती. इंग्रजी माध्यमाची शाळा मोठी. तिच्या शेजारी सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची, आणि तिथे शिकवण्यात निळी साडी नेसणाऱ्या बंगाली जोगिणीही होत्या. मॅसिडोनियातल्या स्कोप्ये गावची एक अठरा वर्षांची मुलगी ६ जानेवारी १९२९ रोजी कोलकात्यात उतरली, दार्जिलिंगला तिची जोगीण म्हणून घडण झाली, आणि १९३१मध्ये ती सेंट मेरीजमध्ये शिकवायला लागली. लोरेटोत आणखी एक तेरेसा होत्या, म्हणून हिला ‘बंगाली तेरेसा’ म्हणत. १९४४ साली ती मुख्याध्यापिका झाली. आवाराच्या पलीकडे मोतीझीलची झोपडपट्टी होती. पण लोरेटोच्या जोगिणींना भिंतीबाहेर पडायची मुभा नव्हती. मेरी वॉर्ड जिच्या विरोधात लढली तीच भिंत तिच्या संस्थेभोवती नंतर उभी राहिली होती.

१६ ऑगस्ट १९४६ रोजी कोलकात्यात कत्तल सुरू झाली. शहराला होणारा पुरवठा तुटला आणि वसतिगृहात तीनशे मुली उपाशी. तेव्हा तेरेसा नियम मोडून रस्त्यावर आल्या. वाटेत प्रेतं होती. लष्कराच्या एका लॉरीतल्या शिपायांनी त्यांना परत आवारात पोचवलं आणि तांदळाची पोती उतरवली. महिनाभराने, १० सप्टेंबरला, दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना ‘आतला आवाज’ ऐकू आला असं सांगतात. चरित्रकार त्या गाडीवर पानंच्या पानं खर्च करतात. माझ्या मते त्या तांदळाच्या पोत्यांकडे जरा कमी लक्ष गेलं आहे. रोमची परवानगी यायला दोन वर्षं गेली. ऑगस्ट १९४८मध्ये निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या लोरेटोबाहेर पडल्या. त्या डिसेंबरात मोतीझीलमध्ये त्यांनी मुलं गोळा केली. फळा नव्हता, खडू नव्हता, म्हणून काठीने मातीत अक्षरं गिरवली. मार्च १९४९मध्ये त्यांना येऊन मिळणारी पहिली मुलगी सुभाषिनी दास ही सेंट मेरीजचीच विद्यार्थिनी, आणि नंतर आलेल्या सुरुवातीच्या बहुतेक जणीही त्याच शाळेच्या. जगभर पसरलेली ती संस्था म्हणजे मुळात एका बंगाली माध्यमाच्या मुलींच्या शाळेतली बाई आणि तिच्या मुली. इंग्रजी माध्यमाच्या इमारतीतून तिच्या मागे कोण गेलं नाही, याचा विचार आपण आपापला करावा.

मुद्दा असा, की गरिबांपर्यंत पोचायला १९४८ साली चांगल्या शिक्षिकेला शाळा सोडावी लागली. भिंत होती तिथेच राहिली.

तिला पहिलं खिंडार पडलं ते रोममध्येच, १९६२ ते ६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. जोगिणींवरची बंधनं सैल झाली, संस्थांनी आपल्या मूळ उद्देशाकडे परत पाहावं असं ठरलं. लोरेटोच्या बायकांना तेव्हा मेरी वॉर्ड नव्याने वाचायला मिळाली असणार. आयर्लंडमधल्या ब्रे गावी १९३६ साली जन्मलेल्या सिस्टर सिरिल मूनी १९५६मध्ये भारतात आल्या होत्या. शिक्षणाने त्या प्राणिशास्त्रातल्या पीएच.डी. लखनौच्या लोरेटोत शिकवून १९७९ साली त्या सियालद्याला मुख्याध्यापिका म्हणून आल्या.

सियालद्याचा परिसर ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी दादर स्टेशनच्या बाहेरची सकाळ डोळ्यांपुढे आणावी, आणि त्यात फाळणीचा इतिहास मिसळावा. पूर्व बंगालातून आलेले निर्वासित या स्टेशनच्या फलाटांवर वर्षानुवर्षं राहिले. शेजारी कोले मार्केट, भाजीचा घाऊक बाजार. पहाटे उतरणारा माल, हमाल, पडलेल्या भाज्या वेचणाऱ्या बायका, फुटपाथवर संसार. शाळेच्या फाटकाबाहेर मुली होत्या आणि आतही मुली होत्या. सिस्टर सिरिल आल्या तेव्हा पटावर ७९० मुली होत्या, त्यातल्या ९० गरीब घरच्या. १९९८पर्यंत पट १४००वर गेला आणि त्यातल्या ७०० जणी एक तर अजिबात फी देत नव्हत्या किंवा नाममात्र देत होत्या. निम्म्या. वर्ग वेगळा नाही, पाळी वेगळी नाही, गणवेश वेगळा नाही. डॉक्टरची मुलगी आणि रिक्षावाल्याची मुलगी एका बाकावर. कोण फी भरतं आणि कोण नाही याची चर्चा वर्गात होऊ नये, अशी व्यवस्था.

पैसा कुठून आला? भरणाऱ्यांची फी, देशातल्या आणि परदेशातल्या देणगीदारांनी एकेका मुलीचा उचललेला खर्च, आणि बाकी काटकसर. वर्ग मोठे होते. आलिशान काहीच नव्हतं. शाळेने बंगालच्या माध्यमिक बोर्डाची परीक्षा धरून ठेवली, महागड्या बोर्डांच्या मागे ती गेली नाही. पैशापेक्षा अवघड होती ती पालकांची समजूत. झोपडपट्टीतली मुलं आली की उवा येतील, शिव्या येतील, निकाल घसरेल, ही भीती कोलकात्यात होती तशी पुण्या-मुंबईतही आहे. तिला सिस्टर सिरिल यांचं उत्तर शाळेच्या कारभारातच होतं: वर्गातली चढाओढच कमी करायची. मुलीने शेजारणीला मागे टाकायचं नाही, शेजारणीला शिकवायचं.

१९८५ साली या उत्तराला वेगळाच पाय फुटला. फुटपाथवरच्या ज्या मुली कधीच शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांना एकदम तिसरीत-चौथीत बसवता येत नाही. आणि पहिलीत बसवलं तर दहा वर्षांची पोर सहा वर्षांच्या पोरांत लाजते. सिस्टरांनी त्यांना शाळेच्या गच्चीवर जागा दिली. यायची वेळ ठरलेली नाही, जायची नाही. कचरा वेचून झाला की या, धाकट्या भावाला कडेवर घेऊन या. कार्यक्रमाला नाव दिलं रेनबो. शिकवणार कोण? शाळेतल्याच मुली. पाचवीपासूनच्या प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात आठवड्याला ठरावीक तास गच्चीचे, आणि त्या तासाला एकेक मुलगी एकेका रेनबो मुलीसमोर बसायची. एकीला एक. चाळीसच्या वर्गात हरवली असती अशी पोर अशाने काही महिन्यांत वाचायला लागायची आणि वयाच्या वर्गात जाऊन बसायची, कधी याच शाळेत, कधी जवळच्या बंगाली शाळेत.

यातली खरी युक्ती वेळापत्रकात आहे. गच्चीचा तास शाळा सुटल्यावरचा नव्हता, ऐच्छिकही नव्हता. बंगालच्या अभ्यासक्रमात कार्यानुभव हा विषय होता, आणि शाळेने तो तास त्याच विषयात धरला. कार्यानुभव आपल्याकडेही होता. माझ्या पिढीने त्यात आइस्क्रीमच्या काड्यांची घरं आणि मण्यांची तोरणं केली, ती बहुधा आईने पूर्ण केली, आणि मास्तरांनी दहापैकी आठ गुण दिले. नियम तोच, विषय तोच. फरक कुणी काय मनात आणलं एवढाच. ‘अभ्यासक्रमात बसत नाही’ असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

दर गुरुवारी दीडेकशे मुली बसने शहराबाहेरच्या खेड्यांत जायच्या आणि तिथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिकवायच्या. बारा-तेरा वर्षांची मुलगी शिक्षिका. त्याहून नाजूक होतं घरकामाला ठेवलेल्या मुलींचं काम. लोरेटोच्या मुलींनी आपल्याच इमारतीत, आपल्याच नातेवाइकांकडे कामाला असलेल्या लहान मुली शोधायच्या. नाव काय, गाव कुठलं, घरी कधी जातेस, झोपायला कुठे असतेस, एवढं विचारून मैत्री करायची. मालकिणीशी भांडायचं नाही; तिला पटवून मुलीला खेळायला, शिकायला वेळ काढून द्यायचा. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला हे करणं किती जड गेलं असेल! रस्त्यावरची गरिबी पाहून हळहळणं सोपं. मावशीकडे भांडी घासणारी आपल्याच वयाची पोर पाहून मावशीला प्रश्न विचारणं हे निराळंच धैर्य. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर सरकारने बंदी घातली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. या मुली त्याच्या आधीपासून दारं वाजवत होत्या.

रस्त्यावरच्या मुली दिवसा गच्चीवर यायच्या आणि रात्री पुन्हा फुटपाथवर जायच्या. मुलगी मोठी होऊ लागली की ती रात्र किती धोक्याची असते, ते लिहायची गरज नाही. म्हणून शाळेतच रात्रीचा निवारा आला. संध्याकाळनंतर रिकामी पडणारी शाळेची इमारत हेच वसतिगृह. याच कल्पनेतून निघालेली रेनबो होम्स पुढे हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली, पाटणा अशा शहरांत गेली. पुण्यातही आली. सरकारी शाळांच्या न वापरलेल्या खोल्यांत मुलींची घरं उभी राहिली. कोलकात्याच्या एका गच्चीचा धागा असा आपल्या पेठांपर्यंत पोचला आहे, हे पुण्यातल्या फार थोड्यांना माहीत असावं.

मान मिळाला. १९९४ साली युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार, २००७मध्ये पद्मश्री. सिस्टर सिरिल २०११मध्ये मुख्याध्यापिकेच्या पदावरून निवृत्त झाल्या आणि जून २०२३मध्ये वयाच्या ८६व्या वर्षी कोलकात्यातच गेल्या. अशा कामांबद्दल एक शंका नेहमी घेतली जाते आणि ती रास्त आहे: हे एका माणसाच्या जोरावर चालतं, माणूस गेला की विरतं. थोडं तसं झालंही असेल. पण मला त्यापेक्षा वेगळी गोष्ट अस्वस्थ करते. हा प्रयोग गुप्त नव्हता. जगभरचे शिक्षणतज्ज्ञ येऊन पाहून गेले, लेख लिहिले गेले. तरी तो निम्म्या प्रमाणात करणाऱ्या नावाजलेल्या शाळा बोटावर मोजण्याइतक्याही सापडू नयेत?

कायद्याने दार ढकलून पाहिलं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांच्या प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवायला सांगितलं. २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट दिली. ६ मे २०१४च्या प्रमति निकालाने सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना. म्हणजे आज मुंबईतल्या, पुण्यातल्या, पाचगणीतल्या कॉन्व्हेंटवर या कलमाची सक्ती नाही. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क दिला आहे, आणि तो मोलाचा आहे. तो कुणी काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण त्या हक्काचा एक उपयोग सियालद्यात झाला आणि दुसरा उपयोग इतरत्र पाव जागा वाचवण्यासाठी झाला. बाकीच्या खाजगी शाळांनीही फार काही वेगळं केलेलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये तर महाराष्ट्र सरकारनेच, किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला हा कोटा नको, असा नियम काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच जुलैत रद्द केला. प्रमति निकालाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी १ सप्टेंबर २०२५ रोजी शंका उपस्थित केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. ते प्रकरणही महाराष्ट्रातूनच गेलेलं आहे.

निकाल काय लागायचा तो लागो. सिस्टर सिरिल यांनी निम्म्या जागा दिल्या तेव्हा पाव जागा मागणारा कायदाही नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मराठी बायका आज डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत, बँका चालवतात, आणि शाळेच्या शतकमहोत्सवाला आवर्जून जातात. तिथे घंटा, शिस्त, सिस्टरांचा धाक यांच्या आठवणी निघतात, डोळे पाणावतात, देणगीचे चेक फाडले जातात. त्यांच्यापैकी कुणी हा लेख वाचत असेल तर एवढंच करावं: पुढच्या मेळाव्यात चेक देण्याआधी मुख्याध्यापिकेला विचारावं, फी न भरणाऱ्या मुली आपल्या शाळेत किती आहेत आणि त्या बसतात कुठे.